फुगवायची बोट, विजेची मोटर आणि कॅलिफोर्नियाचा सीएफ नंबर

दुकानातून खोक्यात मिळणारी फुगवायची बोट, मागे अडकवलेली तीस-चाळीस पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलण्याच्या जोराची) ट्रोलिंग मोटर, म्हणजे विजेवर चालणारी छोटी मोटर, आणि एक बॅटरी. बे एरियात किंवा सॅक्रामेंटोच्या आसपास राहणाऱ्या आणि गळ टाकायची हौस असणाऱ्या अनेकांची सुरुवात अशीच होते. गोंधळही इथेच सुरू होतो. आवाज नाही, पेट्रोल नाही, वेग चालत्या माणसाएवढा, मग याला कसली आली नोंदणी? पण कॅलिफोर्नियात नोंदणी लागते, आणि ती झाली की सीएफ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक, म्हणजे सीएफ नंबर, मिळतो. नुसती वल्ह्यांनी चालणारी बोट सुटते, मोटर लागली की सुटत नाही. मोटर विजेची आहे की पेट्रोलची, बोट आठ फुटांची आहे की अठरा, याने काही फरक पडत नाही.

काम अवघड नाही, पण क्रम चुकला तर हेलपाटे पडतात. खाली दिलेला क्रम कॅलिफोर्नियासाठी आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहत असाल तर फॉर्म आणि खाते वेगळे असेल, मात्र बोटीचा क्रमांक, अक्षरांची उंची आणि लाइफ जॅकेट यांचे नियम मुळात केंद्र सरकारचे असल्याने तो भाग बराचसा तसाच लागू पडेल.

१. खोका फेकू नका, आधी एचआयएन शोधा

गाडीला जसा चासी नंबर, तसा बोटीला हल आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे एचआयएन. नोव्हेंबर १९७२ नंतर अमेरिकेत विक्रीसाठी बनलेल्या किंवा आयात झालेल्या बोटीवर तो असायला हवा. जागा ठरलेली असते: बोटीत पुढे तोंड करून बसलात की मागची उजवी बाजू. फुगवायच्या बोटीवर तो रबरावर छापलेला किंवा चिकटवलेला असतो. बोट घडी केलेली असताना सापडत नाही, म्हणून पूर्ण फुगवून शोधा.

एचआयएन बारा खुणांचा असतो. पहिली तीन अक्षरे निर्मात्याची, पुढची पाच अनुक्रमांकाची, नवव्या जागी महिना (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), दहाव्या जागी वर्षाचा शेवटचा आकडा आणि शेवटच्या दोन जागी मॉडेलचे वर्ष. कधीकधी सुरुवातीला देशाची दोन अक्षरे आणि मग आडवी रेघ दिसते. ती या बारांमध्ये मोजायची नाहीत.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या गोल चिन्हापाशी. ते शून्य की ओ? अनुक्रमांकाच्या पाच जागांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत, त्यामुळे तिथे गोल दिसला की तो शून्य आणि उभी दांडी दिसली की तो एक. हा एक नियम लक्षात ठेवला तर फॉर्म परत येण्याचे निम्मे कारण जाते.

फोनने दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक बोटीचा तो कोपरा दिसेल असा. छपाई उन्हाने आणि घडीने पुसट होते आणि दोन वर्षांनी विकायची वेळ आली की तोच फोटो कामी येतो.

एचआयएन सापडलाच नाही तर? जलतरण तलावासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त खेळण्यांवर तो नसतो. अशा वस्तूला मोटर लावायच्या भानगडीत पडूच नका. त्याला मोटरचा भार सोसेल असा सांगाडा नसतो. पण बोट खरीच चांगली असेल आणि नंबर फाटून गेला असेल, तर डीएमव्हीकडून (म्हणजे वाहनांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या खात्याकडून) प्रत्यक्ष तपासणी होऊन राज्याचा एचआयएन मिळू शकतो. त्याची सुरुवात सी, ए, झेड या अक्षरांनी होते. वेळ जातो, पण मार्ग आहे.

२. कागद जमवा

- बोट १०१ हा फॉर्म, डीएमव्हीच्या संकेतस्थळावरून उतरवून छापलेला
- विकत घेतल्याची पावती, जिच्यावर तुमचे नाव, तारीख, बोटीचे मॉडेल आणि भरलेला विक्रीकर दिसतो
- निर्मात्याचे मूळ प्रमाणपत्र मिळाले असेल तर ते (खोक्यातल्या बोटींसोबत बहुधा मिळत नाही)
- एचआयएनचे फोटो
- ड्रायव्हिंग लायसन्स
- जुनी बोट असेल तर आधीच्या मालकाने सही केलेले मालकीपत्र आणि विक्रीपत्र

ऑनलाइन मागवलेल्या बोटीच्या पावतीत एक खोच असते. ऑर्डर बायकोच्या खात्यावरून आणि फॉर्म नवऱ्याच्या नावाने, असे घरोघरी होते. खिडकीवरचा माणूस मग विचारतो की ही बोट तुमची कशावरून. दोघांची नावे मालक म्हणून घाला किंवा ज्याच्या नावाची पावती त्याच्याच नावाने नोंदणी करा. दोघांची नावे घालताना मधला शब्द ‘आणि’ आहे की ‘किंवा’ हे नीट बघा. ‘आणि’ असेल तर पुढे विकताना दोघांच्याही सह्या लागतात.

पावतीवर कर भरलेला दिसत नसेल, किंवा बोट एखाद्या व्यक्तीकडून घेतली असेल, तर डीएमव्ही तुमच्या पत्त्याच्या काउंटीच्या दराने यूज टॅक्स, म्हणजे न भरलेल्या विक्रीकराच्या जागी घेतला जाणारा कर, लावते. तो चुकवण्यासाठी विक्रीपत्रावर वीस डॉलर लिहायची क्लृप्ती सगळ्यांना सुचते. फॉर्मवरची सही ‘खोटे लिहिले तर खोट्या साक्षीची शिक्षा’ या अटीवर असते, एवढे ध्यानात ठेवा.

३. जुनी बोट घेताना

क्रेगलिस्ट किंवा फेसबुकवरून घेत असाल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा: बोटीवरचा एचआयएन आणि मालकीपत्रावरचा एचआयएन एकच आहे का, विकणाऱ्याचे नाव मालकीपत्रावर आहे का, आणि जुना सीएफ नंबर असेल तर त्याची थकबाकी किती आहे. नूतनीकरण न केलेल्या वर्षांचे शुल्क आणि दंड नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतात. शंभर डॉलरची बोट घेऊन त्याहून जास्त दंड भरण्यात काही अर्थ नाही.

विकणारा म्हणाला, ‘मी कधी मोटर लावलीच नाही, त्यामुळे नोंदणी नाही,’ तर तेही खरे असू शकते. मग साधे विक्रीपत्र लिहून घ्या: दोघांची नावे आणि पत्ते, तारीख, रक्कम, एचआयएन, लांबी, निर्माता, सही.

४. बोट १०१ भरताना

फॉर्म मोठ्या जहाजांसाठीही तोच असल्याने निम्मे रकाने तुम्हाला लागू नसतात. जे लागतात त्यांत अडखळायला होते ते असे:

लांबी फूट आणि इंचांत द्यायची, तीही बोट पूर्ण फुगवल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची. मोटर आणि तिचा आधार यात मोजायचा नाही. खोक्यावर सेंटिमीटर असतील तर २.५४ ने भागून इंच काढा.

बांधणीच्या रकान्यात निर्मात्याचे नाव हवे, दुकानाचे नव्हे. वर्ष एचआयएनच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून घ्या. खरेदीचे वर्ष लिहिलेत आणि एचआयएन वेगळे सांगत असेल तर प्रश्न येतो.

चालनाच्या रकान्यात आउटबोर्ड, इंधनाच्या जागी विजेची मोटर असल्याचे स्पष्ट करा. उपयोग: हौस. पकडलेले मासे विकायचा विचार असेल तर तो वेगळाच परवाना आणि वेगळाच लेख.

बोट कुठल्या काउंटीत ठेवता हेही विचारतात. ते मालमत्ता कराच्या दृष्टीने. कॅलिफोर्नियात बोटीवर काउंटी दरवर्षी कर लावू शकते आणि डीएमव्हीची नोंद असेसरकडे, म्हणजे काउंटीच्या कर-मूल्यांकन अधिकाऱ्याकडे, जाते. खोक्यातल्या बोटीची किंमत इतकी कमी असते की बहुतेक काउंटींच्या किमान मर्यादेखाली ती सुटते. तरी असेसरकडून पत्र आले तर घाबरू नका आणि ते कचऱ्यातही टाकू नका. उत्तर द्या.

५. अर्ज देणे

टपालाने पाठवता येतो किंवा डीएमव्हीच्या कार्यालयात जाऊन देता येतो. पहिल्या नोंदणीसाठी कार्यालय बरे, कारण चूक तिथल्या तिथे कळते. अपॉइंटमेंट घेऊनच जा. बोटीचे काम तिथे रोज येत नाही, त्यामुळे खिडकीवरच्या व्यक्तीला कधीकधी वरिष्ठांना विचारावे लागते. ‘वल्ह्यांची फुगवायची बोट आहे, तिला विजेची मोटर लावणार आहे’ असे एका वाक्यात सांगा. नुसते ‘फुगवायची बोट’ म्हणालात तर नोंदणी लागत नाही असे सांगून परत पाठवण्याची शक्यता असते.

गोड्या पाण्यात जाणार असाल तर नोंदणीसोबत मसल स्टिकरचे शुल्कही भरा. क्वागा आणि झेब्रा या परक्या शिंपल्यांना आवर घालण्यासाठी ते घेतले जाते. फक्त समुद्रात बोट घालणाऱ्यांना ते लागत नाही, पण विजेच्या मोटरची फुगवायची बोट समुद्रात न्यावी असे आम्ही कोणालाच सांगणार नाही.

हाती येते ते असे: मालकीपत्र, खिशात मावणारे नोंदणी प्रमाणपत्र आणि स्टिकर. मालकीपत्र घरी कपाटात ठेवा. नोंदणी प्रमाणपत्र मात्र बोट पाण्यावर असताना बोटीतच हवे. झिपच्या पिशवीत घालून लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवा.

नोंदणी विषम वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते, तुम्ही ती कधीही काढलेली असो. २०२६ मध्ये काढली तर २०२७ च्या अखेरीपर्यंत. नूतनीकरण ऑनलाइन होते.

कागद येईपर्यंत बोट घरात पडून ठेवायची गरज नाही. मोटर आणि बॅटरी घरी ठेवा आणि वल्ही मारा. बोटीचा तोल, हवा कुठे कमी होते, वाऱ्यात ती कशी वाहून जाते हे सगळे मोटरशिवाय आधी कळलेले बरे.

६. नंबर लावणे

खरी अडचण इथे आहे, आणि फॉर्म भरण्यापेक्षा जास्त लोक इथेच अडकतात. नियम असे: बोटीच्या पुढच्या अर्ध्या भागात, दोन्ही बाजूंना, साध्या ठळक रोमन ठोकळा-अक्षरांत, किमान ३ इंच उंचीचा, पार्श्वभूमीशी विरोधी रंगाचा नंबर हवा आणि तो डावीकडून उजवीकडे वाचता आला पाहिजे. सीएफ, चार आकडे आणि शेवटची दोन अक्षरे यांच्यामध्ये एका अक्षराच्या रुंदीची मोकळी जागा किंवा तेवढीच रेघ हवी. सलग लिहिले तर चालत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातली पत्रपेटीची चिकट अक्षरे फुगवायच्या बोटीवर टिकत नाहीत. बोट उन्हात ताणली जाते, घडी करताना आखडते, आणि दुसऱ्याच फेरीला अक्षरांचे कोपरे उचलले जातात. शिवाय मऊ विनाइलमधून सुटणारे तेलकट द्रव्य डिंकाला धरूच देत नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे अक्षरे बोटीवर न लावता फळीवर लावणे. अशी पाटी बोटीला पक्की बांधलेली असेल तर चालते. माप असे काढा: आठ खुणा, प्रत्येकी साधारण दोन इंच रुंद, म्हणजे १६ इंच, मधल्या दोन मोकळ्या जागा चार इंच, अक्षरांमधल्या फटी दोन इंच. झाले २२. त्यापुढे स्टिकरसाठी तीन इंचांचे अंतर आणि तीन इंचांचा स्टिकर. एकूण २८, म्हणून पाटी ३० इंच लांब आणि ५ इंच उंच घ्या. निवडणुकीच्या फलकांना वापरतात तसला पोकळ प्लास्टिकचा पत्रा हलका आणि स्वस्त पडतो. कडा टोकदार राहू देऊ नका. चारही कोपरे गोल कापा, कडेला टेप लावा, नाहीतर दिवसभर घासून बोटीलाच भोक पडेल. चार कोपऱ्यांना छिद्रे पाडून धातूच्या कड्या बसवा आणि बोटीच्या कडेच्या दोराला झिप टायने किंवा पातळ दोरीने बांधा. पांढरी पाटी आणि काळी अक्षरे, रंगाचा प्रश्नच नाही.

जाड पीव्हीसीची महागडी बोट असेल तर फुगवायच्या बोटींसाठीच मिळणारी अक्षरे थेट लावता येतात. बोट पूर्ण फुगवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या आणि लावल्यावर एक दिवस घडी करू नका. अ‍ॅसिटोन हात आवरूनच वापरा. पातळ विनाइलवर तर मुळीच नको.

स्टिकरची जागा हा सापळा आहे. तो दोन्ही बाजूंना, नंबरच्या रेषेत, नंबरपासून तीन इंच मागे लावायचा. मागे म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाकडे. डाव्या बाजूला तो नंबरच्या शेवटच्या अक्षरानंतर येतो, पण उजव्या बाजूला बोटीचे पुढचे टोक वाचणाऱ्याच्या उजव्या हाताला असते, त्यामुळे तिथे स्टिकर ‘सी’च्या आधी येतो. दोन्ही पाट्या सारख्याच बनवल्या तर एक हमखास चुकते. मसल स्टिकर त्याच्या पत्रकात दाखवलेल्या जागी लावा.

७. बोटर कार्ड

नोंदणी बोटीची, कार्ड चालवणाऱ्याचे. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियाच्या पाण्यावर मोटरची बोट चालवणाऱ्या सर्व वयांच्या व्यक्तींना कॅलिफोर्निया बोटर कार्ड लागते. त्याआधी ते वयोगटांप्रमाणे टप्प्याटप्प्याने लागू होत आले, म्हणून जुने लोक ‘मला नाही लागत’ असे सांगतात. आता लागते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा करा, परीक्षा द्या आणि डिव्हिजन ऑफ बोटिंग अँड वॉटरवेजकडे १० डॉलर भरून अर्ज करा. कार्ड आयुष्यभर चालते. नोंदणीचे कागद यायची वाट बघत असताना हे उरकून घ्या.

मासे धरण्याचा परवाना वेगळा. सोळा आणि त्यावरील प्रत्येकाला लागतो, आणि वार्षिक परवाना घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. भारतातून आलेले आजोबा बोटीत नुसते बसणार असतील तर प्रश्न नाही, पण त्यांच्या हातात गळ दिलात की त्यांनाही परवाना हवा. एका दिवसाचा मिळतो, तो पुरे.

८. मोटर आणि बॅटरी

बोटीवर निर्मात्याने छापलेली वजनाची मर्यादा पाहा आणि हिशोब कागदावर करा. दोन माणसे १५० किलो, शिशाची डीप सायकल बॅटरी २० ते २२, मोटर आणि आधार १५, सामान १५: दोनशे झाले. त्यातले मोटर आणि बॅटरीचे वजन अगदी मागे येते आणि चालवणाराही मागेच बसतो, म्हणून पुढचे टोक वर उचलले जाते आणि वारा ते फिरवतो. बॅटरी मध्यभागी किंवा पुढे ठेवा आणि तारा लांबवा.

बारा व्होल्टची मोटर पूर्ण वेगात साधारण थ्रस्टच्या पौंडामागे एक अँपिअर ओढते. तीस पौंडांची मोटर म्हणजे ३० अँपिअर. ८० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, तेव्हा पूर्ण वेगात सव्वा तास धरा. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तीन तास देते आणि वजनाला जवळपास निम्मी असते. पैसे असतील तर ते मोटरवर नव्हे, इथे घाला.

बॅटरीच्या धन टोकाजवळ सर्किट ब्रेकर लावाच, तीस ते पंचेचाळीस पौंडांच्या मोटरला ५० अँपिअरचा. गवतात पंखा अडकला की करंट वाढतो आणि ब्रेकर नसेल तर तार तापते. तापलेली तार आणि हवेने भरलेले विनाइल यांची गाठ पडू नये. बॅटरी झाकणाच्या डब्यात आणि पट्ट्याने बांधलेली हवी.

९. बोटीत काय हवे

माणसागणिक एक, कोस्ट गार्ड मान्यतेचे, त्या माणसाच्या मापाचे लाइफ जॅकेट. तेरा वर्षांखालील मुलांनी बोट चालू असताना ते घातलेलेच हवे. मोठ्यांना सक्ती नसली तरी जानेवारीतल्या थंड पाण्यात जॅकेट बोटीच्या तळाशी असून काही उपयोग नसतो. शिट्टी हवी. सूर्यास्तानंतर थांबणार असाल तर पुढे लाल-हिरवा आणि सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा हवा. वल्ह्यांच्या बोटीला नुसता टॉर्च चालतो, मोटर लावलेलीला नाही. वल्ही आणि पंप कायद्यात नसले तरी घरी ठेवून निघू नका.

१०. तळ्याचा नियम वेगळा

नोंदणी झाली म्हणून कुठेही बोट सोडता येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या काही जलाशयांत फुगवायच्या बोटी अजिबात चालत नाहीत, काही ठिकाणी किमान लांबी आणि एकापेक्षा जास्त हवेचे कप्पे मागतात, तर काही ठिकाणी विजेची मोटर चालते पण पेट्रोलची नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या जलाशयाच्या व्यवस्थापनाला फोन करा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅक्रामेंटो-सॅन होआकिन डेल्टात स्टॉकटनजवळ सोनेरी मसल सापडले, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. तेव्हापासून अनेक जलाशयांनी तपासणी कडक केली आहे आणि काहींनी बोटीला सील लावून ठरावीक दिवस थांबवण्याची अट घातली आहे. तपासनीस ओलावा शोधतो. फुगवायच्या बोटीच्या दुहेरी तळात, बैठकीखाली आणि दोराच्या गाठींत पाणी राहतेच, आणि थेंबभर ओल दिसली की परत पाठवतात. प्रत्येक फेरीनंतर बोट फुगवलेली ठेवूनच उलटी करा, झडपा आणि शिवणी फडक्याने पुसा, मोटरच्या पंख्यामागे गुंडाळलेले गवत काढा आणि पूर्ण वाळल्यावरच घडी घाला. डेल्टात जाऊन आलेली बोट त्याच आठवड्यात दुसऱ्या तळ्यावर नेऊ नका.

आणि मासा घरी आणून कालवण करायचे असेल तर तळ्यावरचे फलक वाचा. सॅन होजेजवळच्या अल्माडेन, ग्वादालुपे आणि कालेरो या जलाशयांत जुन्या खाणींचा पारा उतरलेला आहे. तिथला मासा पकडावा आणि सोडून द्यावा.